पक्षी उद्यानातील एक दिवस पक्षीनिरीक्षकाने कसा घालवावा?

रानवाट (प्रश्न):

गेली चौदा वर्षे मी पक्षीनिरीक्षण करतो आहे, परंतु ते सारे मोकळ्या पक्ष्यांचे. प्राणिसंग्रहालयांतील पक्षी विभाग मी जाणूनबुजून टाळत आलो आणि त्याला कारण आहे. आठ-नऊ वर्षांचा असताना एका पक्षिगृहात मी एक पांढरा काकाकुवा पाहिला होता. त्याच्या छातीवरची पिसे पार उपटलेली होती, खालची गुलाबी कातडी उघडी पडली होती आणि तो एकाच दांडीवर तीन पावले डावीकडे, तीन पावले उजवीकडे असा अखंड सरकत होता. ते दृश्य आजही मनातून जात नाही.

आता माझी अकरा वर्षांची भाची एका मोठ्या पक्षी उद्यानात जाण्याचा हट्ट धरून बसली आहे आणि पुढील महिन्यात आम्हाला तेथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबता येणार आहे. तिला पक्ष्यांची नुकतीच गोडी लागली आहे. रानात मात्र पक्षी दिसतो तो क्षणभर आणि तोही पानांआड. दुर्बीण डोळ्यांना लावून तिने तो शोधेपर्यंत फांदी रिकामी झालेली असते आणि ती हिरमुसते. पक्षी निवांतपणे पाहिल्याचे समाधान तिला एकदा तरी मिळावे, असे मला मनापासून वाटते. मात्र तिच्याबरोबर नुसतेच पिंजऱ्यांवरून चालत जाण्याची माझी इच्छा नाही.

म्हणून येथील अनुभवी मंडळींना विचारतो. शेकडो जाती एकाच आवारात असताना दिवसाची आखणी कशी करावी? रानात अंगवळणी पडलेल्या सवयींपैकी कोणत्या तेथे कामी येतात? अशा ठिकाणी पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद कोठे आणि कशी करावी? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या काकाकुव्याची आठवण मनात असताना, एखाद्या ठिकाणी पक्ष्यांची निगा खरोखर चांगली राखली जाते की नाही, हे बाहेरून पाहणाऱ्याने कशावरून ओळखावे?

जुनी दुर्बीण (प्रतिसाद):

आपण अवश्य जा, पण शेकडो जातींचा हिशेब आधी सोडून द्या. माझ्या पहिल्या भेटीत मी प्रत्येक पिंजऱ्यापुढे दोन मिनिटे थांबलो आणि संध्याकाळी मला पाट्यांवरील नावांखेरीज काहीही आठवेना. तेव्हापासून मी चार, फार तर पाच पिंजरे निवडतो आणि प्रत्येकासमोर किमान अर्धा तास बसतो. रानात पक्षी आपल्याला वेळ देत नाही. तेथे तो वेळ मिळतो आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी वर्षातून एकदा तरी जातो.

निवड करताना, ज्यांचे भाईबंद आपण रानात पाहिले आहेत, असे पक्षी घ्या. रातबगळ्याचे उदाहरण देतो. झाडावर गुडघे मोडून बसलेला रातबगळा आपण असंख्य वेळा पाहिला असेल. पण दहा फुटांवरून तो मान खाजवू लागला, की त्याच्या मधल्या बोटाच्या नखाकडे पाहा. त्या नखाच्या आतल्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात आणि त्या फणीने तो डोक्यावरची व मानेवरची, म्हणजे चोच जेथे पोहोचत नाही तेथली पिसे विंचरतो. वर्णनात हे वाचले असले, तरी एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढे प्रत्येक बगळ्याच्या पायाकडे आपोआप लक्ष जाते.

महाधनेश असेल तर त्याच्यासमोर जरा अधिक वेळ बसा. नराचे बुबुळ लाल आणि मादीचे पांढुरके असते, हे उंच झाडावरच्या पक्ष्यात ओळखणे कठीण. येथे ते लख्ख दिसते. त्याच्या डोळ्यांवरच्या लांब पापण्या केसांच्या नसून रूपांतरित पिसांच्या असतात. तो या फांदीवरून त्या फांदीवर गेला की आवाज ऐका. पंखांच्या खालच्या बाजूला मोठ्या पिसांची मुळे झाकणारी लहान पिसे धनेशांमध्ये जवळजवळ नसतात, त्यामुळे पिसांमधून हवा घुसते आणि रानात दुरूनही कानावर येणारा तो घरघरता आवाज निर्माण होतो.

आफ्रिकेतील तुराको कोठे दिसला, तर त्याच्या रंगांसाठी थांबा. बहुतेक पक्ष्यांच्या पिसांत हिरवे रंगद्रव्य नसतेच. पोपटाचा हिरवा रंगसुद्धा पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उमटणारा निळा आणि पिवळे रंगद्रव्य यांच्या मिलाफातून दिसतो. तुराकोच्या अंगावर मात्र खरेखुरे हिरवे रंगद्रव्य असते आणि त्याच्या पंखांवरील लाल रंगात तांबे असते. तो पंख मिटून बसला की ती लाली झाकली जाते, म्हणून उडण्याची वाट पाहावी लागते.

वेळेविषयी सांगायचे तर दार उघडताच आत जा. पहिल्या तासात पक्षी सर्वाधिक हालचाल करतात आणि गर्दीही नसते. बदकांच्या तळ्याकडे ऋतू पाहून जावे. विणीचा हंगाम संपल्यावर अनेक जातींचे नर भडक पिसे टाकून मादीसारखे दिसू लागतात आणि त्या काळात उड्डाणाची सगळी पिसे एकदम झडल्यामुळे काही आठवडे त्यांना उडताही येत नाही. छायाचित्रांसाठी हा काळ निरुपयोगी. ओळख पक्की करण्यासाठी याच्याइतकी उत्तम संधी नाही.

आत शिरता येणाऱ्या मोठ्या पिंजऱ्यात रानातली सवय सर्वांत उपयोगी पडते. झुडपाला पाठ लावून दहा मिनिटे न बोलता उभे राहा. ही कल्पना नवी नाही: अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला २२८ फूट लांबीचा पिंजरा आजही वापरात आहे आणि लोक त्याच्या आतून चालतात. दुर्बीण नक्की न्या, परंतु दोन मीटर इतक्या जवळच्या पक्ष्यावरही फोकस होणारी. एरवीची दुर्बीण तेथे निम्म्या वेळी कुचकामी ठरते.

नोंदीबाबत माझे मत ठाम आहे. बंदिस्त पक्षी आपण आयुष्यभरात पाहिलेल्या जातींच्या यादीत येत नाही. अमेरिकन बर्डिंग असोसिएशन या पक्षीनिरीक्षकांच्या संघटनेच्या नियमांतही पक्षी जिवंत, रानटी आणि मोकळा असावा, ही अट आहे. त्याच आवारात आपणहून आलेला मोकळा पक्षी मात्र यादीत बिनदिक्कत धरावा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात दर वसंतात रानटी रातबगळे येऊन पक्षिगृहाजवळच्या झाडांवर घरटी करतात आणि ते कोणाच्याही मालकीचे नसतात. मी वहीचे डावे पान मोकळ्यांसाठी आणि उजवे पान बंदिस्तांसाठी ठेवतो. उजव्या पानावर नावे थोडी आणि वर्तनाच्या नोंदी पुष्कळ असतात.

दाणापाणी (प्रतिसाद):

मी एका संग्रहालयाच्या पक्षी विभागात अकरा वर्षे देखभालीचे काम केले, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. तो प्रश्न सर्वांनी विचारायला हवा.

प्रथम त्या काकाकुव्याविषयी. पिसे उपटलेला पक्षी दिसला की त्याच्या डोक्याकडे पाहा. डोक्यावरची पिसे शाबूत असतील आणि मानेखालची गेली असतील, तर त्याने ती स्वतःच उपटली आहेत, कारण डोक्यापर्यंत त्याची चोच पोहोचत नाही. डोक्यावरचीही गेली असतील, तर पिंजऱ्यातील सोबत्याकडे संशयाने पाहावे लागते किंवा आजाराचा विचार करावा लागतो. एकटेपणा, कंटाळा, चुकीचा आहार, त्वचेचे विकार अशी अनेक कारणे यामागे असतात. पिसांची मुळे एकदा कायमची दुखावली की नंतर कितीही उत्तम निगा राखली तरी तेथे पीस येत नाही. आमच्याकडे असे दोन काकाकुवे होते. खासगी घरांत वर्षानुवर्षे एकटे ठेवल्यानंतर त्यांना आमच्या दारात आणून सोडण्यात आले होते. तेव्हा उघड्या छातीवरून लगेच निष्कर्ष काढू नका. त्या पक्ष्याला आता सोबत आहे का, कुरतडायला लाकूड आहे का, लोकांच्या नजरेआड जाता येते का, हे पाहा. आपण वर्णन केलेले ते तीन पावलांचे सरकणे मात्र दिवसभर चालू असेल, तर काहीतरी बिघडलेले आहे, हे निश्चित.

चांगल्या पिंजऱ्यात लपायला जागा असते. म्हणून एखादा पक्षी दिसलाच नाही, तर नाराज होऊ नये. आपल्याला न दिसण्याची मुभा त्याला आहे, ही मी चांगली खूण मानतो. बसण्याच्या फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या आणि खऱ्या झाडाच्या असाव्यात. सगळीकडे एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या असतील तर तळपायाच्या त्याच भागावर सतत भार येतो आणि तेथे फोड येऊन चिघळतात. शक्य झाल्यास दुर्बिणीने तळपाय पाहा. बंद दालनात दिवे कोणते आहेत, हेही विचारा. पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो, म्हणून साध्या दिव्याखाली त्यांना एकमेकांचे खरे रंग दिसत नाहीत.

तळ्यातील बदके आणि रोहित उघड्यावर असूनही का उडत नाहीत, हे भाची विचारेल. काही ठिकाणी एका पंखाची पिसे कापतात. ती पीसगळीनंतर पुन्हा येतात. काही ठिकाणी पिल्लू लहान असतानाच एका पंखाचे टोक सांध्यापासून कायमचे छाटतात. पक्ष्याने पंख पसरले की एक बाजू तोकडी दिसते. काही देशांत यावर आता बंदी आहे आणि मला ती योग्य वाटते. वरून जाळी घालणे खर्चिक असले तरी उडणारा पक्षी उडायला हवा.

पायांतील वाळेही पाहा. जोड नसलेला अखंड वाळा पिल्लू काही दिवसांचे असतानाच पायात सरकवता येतो. पुढे पंजा मोठा झाल्यावर तो चढत नाही. त्यामुळे असा वाळा म्हणजे पक्षी पिंजऱ्यातच जन्मला असल्याची खूण असते. त्या क्रमांकामागे वंशावळीची नोंदवही असते आणि कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी लावायची, हे त्या नोंदवहीवरून ठरते. कित्येकदा जोडीदार दुसऱ्या खंडातून येतो.

एका हंगामात मी धनेशाच्या ढोलीसमोर रोज नोंदी ठेवल्या. मादी आतून ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. नर यायचा, गळ्यातून एकेक फळ वर काढायचा, चोचीच्या टोकाशी आणायचा आणि फटीतून आत द्यायचा. मी एका फेरीत मोजलेली सर्वाधिक फळे होती सतरा. त्या महिन्यांत आम्ही त्या पिंजऱ्याजवळ बादलीसुद्धा जपून ठेवत असू.

शेवटी एक पाटी आवर्जून शोधा: ‘रानातून नामशेष’. ग्वाम बेटावरील सिहेक नावाचा खंड्या हा असाच पक्षी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या बेटावर तपकिरी वृक्षसर्प पोहोचला आणि त्याने तेथील पक्षी जवळजवळ संपवले. १९८० च्या दशकात उरलेले सिहेक पकडून संग्रहालयांत नेले गेले आणि त्यानंतर ती जात केवळ पिंजऱ्यांतच जगली. २०२४ मध्ये त्यांतील नऊ पक्षी पामायरा या प्रवाळबेटावर मोकळे सोडण्यात आले. कॅलिफोर्निया कंडोर १९८७ मध्ये सगळेच्या सगळे पिंजऱ्यात होते, एकूण सत्तावीस. माणसाची सवय लागू नये म्हणून पिल्लांना कंडोरच्या डोक्याच्या आकाराच्या हातबाहुलीने भरवत आणि १९९२ पासून ते पुन्हा आकाशात सोडले जाऊ लागले.

छायाप्रकाश (प्रतिसाद):

छायाचित्रांविषयी थोडेसे. जाळी नाहीशी करायची असेल, तर कॅमेऱ्याचे भिंग जाळीच्या शक्य तितके जवळ न्यावे, त्याचे छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडावे आणि पक्षी जाळीपासून दूर जाईपर्यंत थांबावे. जाळीवर ऊन पडले असेल तर काहीही केले तरी ती चमकते. तेव्हा सावलीतली बाजू शोधावी. काच असेल तर कॅमेऱ्याची कड काचेला टेकवावी. फ्लॅश वापरू नये, घुबडांच्या बाबतीत तर कधीच नाही. आणि चित्र कोठेही दिले तरी पक्षी बंदिस्त असल्याचे त्याखाली लिहावे, नाहीतर उद्या कोणीतरी त्याला त्या प्रदेशातील नोंद समजेल.

माळरान (प्रतिसाद):

दाणापाणी यांचे लेखन मी आदराने वाचले, तरीही एक बाब नोंदवणे आवश्यक वाटते. संग्रहालयांत ठेवलेल्या पक्ष्यांपैकी बहुतांश जाती संकटात नसतात आणि त्यांना कधी रानात सोडलेही जाणार नाही. सिहेक आणि कंडोर यांच्या यशाचे श्रेय शेजारच्या पिंजऱ्यातील प्रत्येक मकावला देता येत नाही. शिवाय पिंजऱ्यातील वीण हे अर्धेच काम असते. मॉरिशसचा खरुची हा छोटा शिकारी पक्षी. १९७४ मध्ये रानात त्याचे अवघे चार पक्षी उरले होते. तो सावरला त्यात पिंजऱ्यातील विणीचा वाटा मोठा होता, पण रानात घरट्यांसाठी पेट्या लावणे, पूरक अन्न देणे आणि बाहेरून आलेल्या शिकारी प्राण्यांना आवर घालणे हे झाले नसते, तर सोडलेले पक्षी टिकले नसते. सिहेकही ग्वामवर परतलेला नाही, कारण साप अजून तेथेच आहे. मेक्सिकोच्या सोकोरो बेटावरील कबूतर १९७२ नंतर रानात दिसले नाही आणि त्याच्या पिढ्या अजून पिंजऱ्यांतच वाढत आहेत. म्हणून रानवाट यांना सुचवतो, की पाटी वाचल्यावर तेथील कर्मचाऱ्यांना एवढेच विचारावे: या जातीच्या मूळ अधिवासासाठी आपली संस्था काय करते? जेथे खरोखर काम चालते, तेथे या प्रश्नाचे उत्तर बेटाच्या किंवा रानाच्या नावासकट मिळते.

रानवाट (प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही परवा जाऊन आलो. आपल्या सूचनांमुळे दिवस कसा गेला, हे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

दार उघडताच आत गेलो आणि चारच पिंजरे निवडले. पहिला बगळ्यांचा होता. मी भाचीला नखाच्या फणीविषयी मुद्दाम काही सांगितले नव्हते. फक्त “पायांकडे लक्ष ठेव” एवढेच म्हणालो. वीस मिनिटे काहीच घडले नाही आणि ती चुळबुळ करू लागली. मग एका रातबगळ्याने एका पायावर तोल सावरत दुसरा पाय वर उचलला, मान तिरपी केली आणि कानामागची पिसे खसाखसा विंचरली. “मामा, त्याच्या नखाला कंगवा आहे!” असे ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारचे लोक थांबून पाहू लागले. तिने वहीच्या उजव्या पानावर त्या नखाचे चित्र काढले आणि दात्यांची संख्या मोजता येत नाही म्हणून अर्धा तास आणखी बसून राहिली.

दुसरा पिंजरा बाली मैनेचा होता. पांढरेशुभ्र अंग, डोळ्यांभोवती निळी उघडी कातडी आणि मागे झुकलेला तुरा, असा तो पक्षी. पिंजऱ्यात ठेवण्याच्या हौसेपायीच ही मैना तिच्या एकमेव बेटावरून जवळजवळ संपली, हे पाटीवर वाचून भाचीने विचारले, “मग ही पिंजऱ्यातच का आहे?” मी तिला वाळा दाखवला, नोंदवहीबद्दल सांगितले आणि माळरान यांचा प्रश्न तेथील कर्मचारी बाईंना विचारला. त्यांनी बेटावर चालणाऱ्या कामाची माहिती न अडखळता दिली. तिकडच्या गावकऱ्यांच्या सहभागाबद्दल त्या बराच वेळ बोलत होत्या. तिसऱ्या पिंजऱ्यात कागू हा न उडणारा राखी पक्षी होता, पण तो आम्हाला दिसलाच नाही. झुडपाखाली राखी रंगाचे काहीतरी हलले, तेवढेच. दाणापाणी यांचे वाक्य आठवून आम्ही तेथून समाधानाने निघालो.

काकाकुव्यांच्या दालनात जाण्याचे मी टाळणार होतो, पण गेलो. सहा पक्षी होते. एकाची छाती उघडी होती आणि डोके पूर्ण पिसांचे होते. तो दुसऱ्याला अगदी खेटून बसला होता आणि तो दुसरा त्याच्या मानेवरची पिसे एकेक करून साफ करत होता. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.

डाव्या पानावर दिवसभरात एकच नोंद झाली: रोहितांच्या तळ्याकाठी आपणहून येऊन बसलेला एक मोकळा राखी बगळा. ती नोंद भाचीने स्वतः केली आणि वेळही लिहिली.

एक शंका राहिली. महाधनेशाच्या पंखांवरचा पट्टा पांढरा असतो, असे मी आजवर समजत होतो. चौथ्या पिंजऱ्यात आम्ही पाहिलेल्या नराचा पट्टा पिवळसर डागाळलेला होता आणि मानेवरही तसाच रंग होता. तो वारंवार मान मागे वळवून शेपटीच्या मुळाशी चोच व डोके घासत होता. भाचीच्या मते त्याला फळांचा रस लागला असावा. मला काळजी वाटली, की हे आजाराचे लक्षण तर नाही ना?

जुनी दुर्बीण (प्रतिसाद):

काळजीचे मुळीच कारण नाही. उलट आपण फार चांगली गोष्ट पाहिलीत. शेपटीच्या मुळाशी जी तैलग्रंथी असते, तिचा स्राव महाधनेशामध्ये पिवळा असतो. पक्षी चोच आणि डोके त्यावर घासतो आणि मग तो रंग चोचीवरील शिंगासारख्या उंचवट्यावर, मानेवर व पंखांच्या पट्ट्यावर फासतो. म्हणजे त्याच्या अंगावरचा तो पिवळा रंग पिसांचा नसून त्याने स्वतः लावलेला असतो. भाचीला सांगा की तिने अर्धे बरोबर ओळखले: रंग बाहेरूनच लागला होता, फक्त फळाचा नव्हता. पीसगळीनंतर पट्ट्यावर नवी पिसे आली की ती पांढरीशुभ्र असतील आणि तो पुन्हा मान वळवून कामाला लागेल.